रस्त्याकडेचं झाकण

जिन्यात बेर्टेल भेटला तो कुत्र्याला उचलून घेऊन. तसा तो रोजच भेटतो. मी सकाळी कामावर निघते तेव्हा तो कुत्र्याला फिरवून परत येत असतो, आणि आम्ही एकमेकांना 'वारा आहे हं आज' एवढं सांगून आपापल्या वाटेला लागतो. आज कुत्रा चालत नव्हता. निळ्या चादरीत गुंडाळलेला, डोळ्यांवर साय धरलेली, आणि तरी शेपटीचं टोक चादरीबाहेर हलत होतं. मी कचऱ्याची पिशवी पोटाशी धरून भिंतीला चिकटले. "डॉक्टरीणबाईंकडे चाललोय, शेवटचं इंजेक्शन द्यायला," बेर्टेल म्हणाला. "उठताच येईना गं त्याला. फोन केला तर म्हणाल्या, लगेच घेऊन या, उगाच कशाला ताटकळत ठेवायचं." आणि हा पोस्टात जन्म घालवलेला माणूस, कधी कुणाकडे चमचाभर साखर मागायला न गेलेला, माझ्यासमोर ढसाढसा रडायला लागला. वरच्या मजल्यावरची बाई सपाता फटफटवत खाली धावली, दार धरायला. तळमजल्यावरच्यानं आपली गाडी मागे घेतली, वाट मोकळी व्हावी म्हणून. ज्या इमारतीत माणसं एकमेकांचं आडनाव पाटीवरून वाचतात, तिथली पाच-सहा माणसं एका कुत्र्यासाठी दाराशी उभी राहिली. मीही त्याच्या डोक्यावर हात ठेवला. डोकं ऊबदार होतं. गाडी गेली, माणसं आत गेली, आणि मी तिथंच. शेवटी मी रद्दी कागदाच्या पेटीत ओला कचरा टाकला, जो आमच्या इमारतीत खुनाच्या खालोखालचा गुन्हा आहे, आणि गाडीत जाऊन बसले.

उगाच कशाला ताटकळत ठेवायचं. आमच्या होल्स्टेब्रो गावाच्या बाहेर पडेपर्यंत हेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. सिग्नल लागला तरी, सुटला तरी. कारण माझ्याकडेही एक होती, ताटकळत ठेवलेली. माझा मालक लाऊस्ट, त्याच्या डुकरांच्या शेडमध्ये, आजारी जनावरांच्या कप्प्यात, पेंढ्यावर. आमची बाईसाहेब. कानातल्या बिल्ल्यावर तिचा नुसता आकडा आहे, पण सात वेळा व्यालेली, पिल्लांवर कधी चुकूनही न बसणारी, आणि मी खाणं आणायला जरा उशीर केला की दांडीवर नाक आपटून अख्ख्या शेडला माझ्याविरुद्ध उठवणारी अशी डुकरीण असली, की तिला आकड्यानं कोण हाक मारणार? आता मात्र तिचे मागचे पाय गेले होते. पुढच्या पायांवर उठायची, कुत्र्यासारखी बसायची, मागचं धड ओढायचा प्रयत्न करायची, धापा टाकायची आणि पुन्हा आडवी. डॉक्टर येऊन गेले तेव्हा स्पष्ट बोलले होते, तीन दिवस इंजेक्शनं द्या, फरक पडला तर ठीक, नाही पडला तर थांबू नका. हे सांगून ते गेले, आणि लाऊस्टनं मोजायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी ओंजळभर दाणे खाल्ले. "बघितलंस? खातेय!" लाऊस्ट म्हणाला आणि तीन दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. परवा ती पाणी प्यायली. पुन्हा पहिल्यापासून. अशानं तिचा तिसरा दिवस उजाडणारच नव्हता. वाईट माणूस असता तर मी केव्हाच भांडले असते हो. पण लाऊस्ट हा आमच्या पंचक्रोशीतला सगळ्यात मऊ माणूस. टिटवीचं घरटं दिसलं की नांगर वळवून घेणारा. नांगरलेल्या रानात तेवढ्याच एका ठिकाणी गवताचं बेट उरतं, आणि लोक हसतात, आणि हा लाल होतो. त्याच्या त्या मऊपणाखाली ती बिचारी पिचत होती, आणि हे त्याला सांगायला मला तोंड नव्हतं.

म्हणजे तोंड होतं, डोक्यात. डोक्यात मी फार बोलते. गाडीत तर मी अशी भाषणं देते की संसदेनं बसून ऐकावीत. लाऊस्ट, तुझी दया तुझ्यापाशी ठेव, तिला त्या दयेनं उठता येत नाहीये. लाऊस्ट, तुला बघवत नाही म्हणून तिनं किती दिवस काढायचे? लाऊस्ट, अमुक. लाऊस्ट, तमुक. आणि शेडवर पोचले, त्याचा तो भुरा चेहरा समोर आला, तो म्हणाला, "उद्या बघू गं सिसेल," की माझ्या तोंडून काय निघतं? "बरं." बारा वर्षं मी ह्या माणसाला 'बरं' म्हणतेय. आमच्याकडे मालकालाही नावानंच हाक मारतात, अरे-तुरे करतात, त्याच्याच टेबलावर त्याच्याच घरचा राय धान्याचा काळा पाव खातात. त्यामुळे लोकांना वाटतं, सगळं कसं मोकळं आहे. मोकळं कसलं! अरे म्हणायची मुभा आहे म्हणून कुणी खरं बोलतं असं थोडंच आहे? माझा घटस्फोट झाला तेव्हाही मी 'बरं'च म्हणाले होते. नवरा म्हणाला, मी जातोय, मी म्हणाले, बरं, आणि त्याला खोक्यात कपबशा भरून दिल्या. मग तो गेल्यावर महिनाभर गाडीत भाषणं.

रस्ता सरळ, दोन्हीकडे कोवळा सातू, पवनचक्क्या पश्चिमेच्या वाऱ्याला तोंड देऊन फिरताहेत, आणि मला बाबा आठवत होते. माझे बाबा हिवाळ्यात गावोगाव फिरून डुकरं कापायचे. तेव्हा अजून घरोघर एखादं डुक्कर पाळायचे, नाताळासाठी. बाबा मोपेडवर सुऱ्यांची लाकडी पेटी बांधून जायचे आणि सुटी असली की मागे मी. लोकांना वाटायचं, कापणारा माणूस म्हणजे राकट, मोठ्यानं हसणारा, शिव्या देणारा. बाबा अंगणात शिरले की पहिल्यांदा सगळ्यांचा आवाज बंद करायचे. पोरांनी पळायचं नाही. कुत्रा बांधून टाका. रेडिओ बंद. मग ते ताकात भिजवलेल्या सातूचं भांडं घेऊन डुकराजवळ जायचे, आणि काहीच करायचे नाहीत. कानामागे खाजवत बसायचे. घरचा मालक थंडीत पाय आपटत उभा, त्याला घाई, आणि बाबा आपले खाजवताहेत. मला म्हणायचे, "सिसेल, तिला आज काही वेगळं आहे असं वाटता कामा नये. मरण तिचंच असतं. भीती आपण बाहेरून घेऊन येतो." मग एका घासाच्या मध्येच ते होऊन जायचं. मी लहान होते, पण मला कधी त्या अंगणांची स्वप्नं पडली नाहीत. उलट घरी परत येताना, बाबांच्या कोटाला गाल लावून मोपेडवर बसलेली असताना, मला जगात सगळं जागच्या जागी आहे असं वाटायचं. पुढे मीही डुकरांचंच काम धरलं. आधीच्या शेतावर तर हे सगळं माझ्याकडेच होतं. सकाळच्या पहिल्या फेरीत जे जनावर बरं होणार नाही असं दिसलं त्याला दुपारचं जेवण होईपर्यंत ठेवायचं नाही, असा माझा शिरस्ता होता. हात माझा कधी थरथरला नाही. लाऊस्टकडे आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं सांगितलं, "जनावर मारायच्या पिस्तुलाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे राहील. जीव घ्यायचा तर निर्णय मी घेईन. तेवढं मला घेतलंच पाहिजे." मला तेव्हा ते ऐकून भरून आलं होतं. काय जबाबदारीनं बोलतोय माणूस, असं वाटलं होतं. हं.

आणि खरं सांगायचं तर कारण नुसतं मऊपणाचं नव्हतं. ते झाकण होतं. मेलेलं जनावर शेडपासून दूर, डांबरी रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या ओट्यावर ठेवायचं, त्यावर ते मोठं हिरवं झाकण घालायचं, आणि गाडी येऊन ते उचलून नेणार. ती गाडी आत आणायची नसते, शेताशेतांवरून रोगराई घेऊन फिरते म्हणून. तर हे झाकण. ओट्यावर काही नसलं की ते कुंपणाला टेकवून उभं ठेवतात. काही असलं की आडवं, पालथं. आणि आमच्या भागात गाडी चालवणारा प्रत्येक माणूस दुसऱ्याच्या झाकणाकडे बघत जातो. बोलत कुणी नाही, पण चर्चमध्ये, दुकानात, केस कापताना सगळ्यांना माहीत असतं, कुणाचं झाकण कितीदा पालथं दिसलं. लाऊस्टचं बहुतेक उभंच असायचं. दूरदूरचे लोक त्याचं नाव काढायचे. काय माणूस आहे, त्याच्याकडे काही मरतच नाही! फारसं मरत नव्हतं हे खरं, कारण तो मरू देत नव्हता. कप्प्यात पडून होतं ना. झाकण रस्त्यावर, कप्पा आत. झाकण सगळ्यांना दिसतं, कप्पा मला एकटीला. ह्या एका गोष्टीवर मी गाडीत किती भाषणं दिली असतील त्याला सुमार नाही.

तर त्या सकाळी मी कपडे बदलून, बूट चढवून, दुसरं कुठलंही काम न करता सरळ कप्प्यात गेले. बाईसाहेब जागी होती. माझी चाहूल लागताच पुढच्या पायांवर उठली. दोनदा घसरली, तरी उठली, आणि दांडीकडे नाक पोचवायला बघू लागली. पोचलं नाही. मागच्या मांडीवर घासून घासून कातडं गेलेलं, पेंढा चिकटलेला. ती माझ्याकडे बघत होती. डुकरांच्या डोळ्यांविषयी लोक काय काय भावुक बोलतात, मला ते आवडत नाही. डोळे म्हणजे डोळे. पण ती घोरत नव्हती, ओरडत नव्हती, दात मात्र खात होती, करकर, करकर, आणि डुक्कर दात खातं ते दुखतं तेव्हा, हे मला बाबांनी सांगायची गरज नव्हती. मी दांडीला धरून उभी राहिले. जिन्यातली ती सगळी माणसं आठवली, दार धरून उभी. इथं दार धरायला कोण? मी. बावन्न वर्षांची, 'बरं'वाली.

"सिसेल! अगं तू इथं काय करतेस? मधली वाट झाडायची राहिलीय!" लाऊस्ट आला तो इस्त्रीचा डगला घालून. आज आमच्याकडे मंडळी यायची होती. आसपासचे डुकरंवाले मिळून गट करतात, पाळीपाळीनं एकमेकांच्या शेडमध्ये फिरतात, आणि मग कॉफीच्या टेबलावर यजमानाला तोंडावर ऐकवतात, काय चुकतंय ते. प्रत्येकानं एक तरी खोट काढायचीच, असा नियम. लोक परीक्षेला घाबरत नाहीत एवढे ह्या कॉफीला घाबरतात. लाऊस्टची बायको ग्रेथे पहाटेपासून केकमागे लागलेली, आणि लाऊस्ट आठवडाभर भिंती धूत होता.

"बाईसाहेबांचं आज करायचं," मी म्हणाले.

"हो हो. मंडळी जाऊ देत."

"आत्ता."

"अगं पण आत्ता झाकण..." तो थांबला. कानाच्या पाळ्या लाल. "म्हणजे, अकराला येतायत ते. ओट्यावर पालथं झाकण बघूनच आत शिरणार. गुड्रुन आहे त्यात. तुला माहितीय गुड्रुन. तो कोपरा त्यांना दाखवायचाच नाही, मी पडदा लावतो. आणि काल संध्याकाळी तिनं थोडं खाल्लंय, तुला सांगायचं राहिलं. आपण उद्या बघू ना गं."

इथं माझं 'बरं' यायचं असतं. जिभेवर आलंही होतं, मला त्याची चव लागली. आणि ते बाहेर पडलं नाही. का नाही पडलं ते मला अजून कळलेलं नाही. मी तोंड उघडलं आणि गाडीतली बाई बाहेर आली, सगळीच्या सगळी.

"नाही बघायचं उद्या," मी म्हणाले. "लाऊस्ट, तू फार चांगला आहेस. इतका चांगला आहेस की तुझ्यापुढे कुणाला बोलवत नाही. पण तुझ्या चांगुलपणाचं सगळं ओझं तिच्यावर पडलंय रे. तुला बघवत नाही म्हणून तू बघत नाहीस. मी बघते. रोज. ती दात खातेय, ऐक. अरे ऐक ना! हे तुला इस्त्रीच्या डगल्यात ऐकू येणार नाही, जवळ ये. कुंपणाला टेकलेल्या झाकणावर तू नाव कमावलंस, आणि त्याची किंमत ही मोजतेय. तू टिटवीसाठी नांगर वळवतोस, मग हिच्यासाठी एक सकाळ वळव. गुड्रुनला काय म्हणायचं ते म्हणू दे. मला कामावरून काढायचं तर काढ, उद्यापासून काढ. उद्या उद्या करायची तुला हौसच आहे. किल्ली दे."

बारा वर्षांत त्यानं माझ्या तोंडून सगळे मिळूनही एवढे शब्द ऐकले नसतील. तो माझ्याकडे बघत राहिला, मग पहिल्यांदाच खाली, तिच्याकडे. वाकला. इस्त्रीचा डगला पेंढ्याला लागला. करकर, करकर. त्याच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी वर्णन करणार नाही, तो त्याचा चेहरा आहे. खिशात हात घालायला त्याला फार वेळ लागला, पण किल्ली त्यानं माझ्या हातावर ठेवली.

"मी थांबू का?" त्यानं विचारलं.

"थांब. पण बोलू नकोस."

मी पंखा बारीक केला. शेजारच्या कप्प्याचं फाटक, जे वाऱ्यानं आपटतं, ते दोरीनं बांधलं. स्वयंपाकघरातून ग्रेथेकडून ताक मागून आणलं. तिला वाटलं मला प्यायला हवंय, तिनं पेला पुढे केला, मी म्हटलं, पातेलंभर दे. सातूचं पीठ ताकात कालवलं. पिस्तूल तपासलं. ह्यात गोळी नसते, दट्ट्या बाहेर येतो आणि परत आत जातो. मोठ्या डुकरिणीची कवटी जाड, तिच्यासाठी जोरदार काडतूसच लागतं, ते घातलं. सुरी पाठीमागे ठेवली, तिला दिसणार नाही अशी. सगळं करताना माझे हात कसे होते सांगू? गार आणि शांत, धुतलेल्या ताटल्यांसारखे. मी तिच्याजवळ गुडघ्यावर बसले आणि पातेलं ठेवलं, आणि काहीच केलं नाही. कानामागे खाजवत राहिले. तिनं हुंगलं, नाक बुडवलं, आणि मग अशी काही चापायला लागली की ताक माझ्या बाहीवर उडालं. दात खाणं थांबलं.

"सिसेल," लाऊस्ट मागून कुजबुजला. आवाज फाटलेला. "खातेय गं. बघ, खातेय ती!"

हाच तो क्षण, ज्यात आमच्या शेडमध्ये तीन दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. मला माहीत होतं. त्याच्याही डोळ्यांत ते मोजणं सुरू झालेलं मला न बघता दिसलं. आणि मला त्याच्याविषयी इतकं वाटलं, ह्या म्हाताऱ्या माणसाविषयी, जो दर वेळी एका घासावर एवढी मोठी आशा बांधत आला.

"हो रे," मी म्हणाले. "खातेय. खाऊ दे. मजेत खातेय."

आणि त्या मजेतच, दोन घासांच्या मध्ये, डोळ्यांच्या रेघेच्या जरा वर, कपाळाच्या मधोमध टेकवून, मी चाप ओढला. एक ठोका. ती तिथल्या तिथे कोसळली, दिवा विझतो तशी. लगेच रक्त वाहून जायला सुरी, जिथे बाबांनी दाखवली होती तिथे. पाय झाडायला लागले तसा लाऊस्ट ओरडला, "अगं ती..." "पाय हलतात," मी म्हणाले. "ती नाहीये तिथं आता. इकडे ये, बोट लाव डोळ्याला. लाव, घाबरू नकोस." त्यानं बोट लावलं. पापणी हलली नाही. मी कुशीवर हात ठेवून बसले, श्वास नाही, मग पाय थांबले, मग छातीतली ती खोल धडधडही गेली. तिच्या ओठांना अजून ताक लागलेलं होतं. तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. भीतीचा एक कणसुद्धा त्या कप्प्यात आला नव्हता, आणि मला, लोकहो, मला आनंद झाला. जनावर मारून आनंद झाला असं म्हटलं तर लोक विचित्र बघतील, पण दुसरा शब्द नाहीये. माझ्या छातीत घंटा वाजत होत्या. लाऊस्ट पेंढ्यात बसून राहिला होता. तिथूनच म्हणाला, "एवढंच असतं होय?" मी म्हटलं, "एवढंच असतं. नीट केलं तर." मग त्यानं उठून स्वतःच साखळी आणली.

आम्ही दोघांनी मिळून तिला बाहेर काढलं, कप्पा धुऊन नवा पेंढा टाकला. ओट्यापर्यंत गाडा तो ओढत होता, मी मागून रेटत होते, वारा असा की टोपी राहीना. वर टिटव्या ओरडत होत्या. तिला ओट्यावर घेतलं आणि झाकण कुंपणापासून उचललं तर खाली गवत पिवळं पडलेलं, इतकं ते जागचं हललं नव्हतं. आणि नेमक्या त्याच वेळी वळणावर पहिली गाडी दिसली, तिच्यामागे दुसरी, तिसरी. लाऊस्ट माझ्याकडे बघून म्हणाला, "गुड्रुनच आहे पुढे." मी म्हटलं, "मग धर तिकडची कड." भर दिवसा, सगळ्या गटाच्या डोळ्यांदेखत, आम्ही ते हिरवं झाकण पालथं घातलं. गाड्या हळू झाल्या. काचांमागे चेहरे. मी हात हलवला.

मग शेडमधली फेरी झाली. सगळे आमचे पांढरे झगे आणि बूट घालून, नाकानं बघत फिरले. आजारी कप्पा रिकामा होता, धुतलेला, नवा पेंढा टाकलेला. गुड्रुन तिथं थांबली. फ्योर्डच्या, म्हणजे खाडीच्या, पलीकडे तिचं शेत, आवाज असा की तिकडून बोलली तरी इकडे ऐकू यावं. तिथं ती काही बोलली नाही, आणि ते वाईट लक्षण असतं. टेबलाशी बसलो. केक मधोमध, वर नारळाचा जाड थर, कॉफीची वाफ. एकेकानं एकेक खोट काढली. पाण्याच्या नळ्या जुन्या झाल्यात. पिल्लांच्या कप्प्यात गारठा आहे. लाऊस्ट मान हलवत होता. मग गुड्रुननं बशी बाजूला सारली.

"लाऊस्ट, एवढ्या वर्षांत तुझं झाकण पालथं मी आज पहिल्यांदा पाहिलं. तेही आम्ही येतोय हे माहीत असताना. मला वाटलं, म्हातारा झाला का हा? लपवायचंही विसरला?"

कुणीतरी हसलं. लाऊस्टच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. मी कप खाली ठेवला. आता हा म्हणणार, अचानक झालं, रात्रीत मेली. म्हण बाबा, मी मनाशी म्हटलं, मला काही वाटणार नाही.

"मेली नाही ती," लाऊस्ट म्हणाला. "आम्ही मारली. आज सकाळी. ती उठणार नाहीये हे मला केव्हाचं कळलं होतं. मी झाकणाला जपत होतो, आणि ती आत पडून होती. सिसेलनं आज माझी कानउघाडणी केली. बरं केलं. मी तिथं उभा होतो, तुम्हाला सांगतो, ती खाता खाता गेली. मी आजवर तोंड फिरवत आलो. इथून पुढे ते सिसेल ठरवेल, आणि मला विचारणार नाही. आणि झाकण रोज पालथं दिसलं तरी चालेल."

एवढं लांब बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. टेबलावर कुणी कुणाकडे बघेना. ग्रेथे दारात केकची सुरी हातात धरून उभी, आणि तिचे डोळे भरलेले. मला वाटलं, आता हे लोक उठून जातील आणि लाऊस्टचं नाव संपलं. गुड्रुन माझ्याकडे बघत होती, चांगलीच रोखून.

"वाईट नाही," ती म्हणाली. आमच्या भागात ह्याच्या वरचं प्रशस्तिपत्र अजून कुणी कुणाला दिलेलं नाही.

मग तिनं खुर्ची मागे ढकलली, खिशातून फोन काढला आणि खिडकीशी गेली. घरात आवाज नीट लागेना, तशी कडी काढून अंगणात गेली. वाऱ्यात तिचा झगा फडफडत होता आणि आवाज काचेतून आत येत होता. "हं, मीच. ती कडेची, कास सडलेली... हो तीच. नाही, जेवण झाल्यावर नाही. आत्ता. अरे कोण काय म्हणेल ते म्हणू दे! आधी तिला खायला घाल, आणि कुणी आरडाओरडा करायचा नाही, कळलं?" टेबलावर दुसऱ्या एकानं खाकरून कॉफी खाली ठेवली आणि उठला. त्याच्या पाठोपाठ आणखी एक. मग सगळेच. बघता बघता खुर्च्या रिकाम्या झाल्या. आमच्या अंगणात सगळी पंचक्रोशी पांढऱ्या झग्यांत उभी, एकेक जण एकेक कोपरा धरून, वाऱ्याकडे पाठ करून, एक कान बोटानं बंद करून आपापल्या शेडला फोन करत होता.

मी हसायला लागले. मला थांबवेना. लाऊस्टही हसू लागला, तोंडावर हात घेऊन, आणि ग्रेथे म्हणाली, "अगं पण सगळ्यांची कॉफी गार होतेय!" होऊ दे, मी म्हटलं, होऊ दे गार. आणि केकचा कोपऱ्याचा तुकडा, जिथं नारळ सगळ्यात जाड असतो, तो मी माझ्या बशीत ओढला.